चाकांना हात लावू नकोस

ठाणे,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमा,

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर ‘कोण? कोण?’ करून ठेवून देतेस. कानाचं मशीन साडीच्या घडीत दडवलेलं आहे हे मला प्राप्तीने सांगितलंय. तुझी मुलगी तुझ्या चहाड्या करते याचा राग मानू नकोस, कोणीतरी करायलाच हव्यात. तेव्हा आता पत्र. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा दर शुक्रवारी आपल्याला पत्रलेखनाला बसवायची, ते आता साठी उलटल्यावर उपयोगी पडतंय.

विषय तुझ्या प्रणितच्या गाडीचा. तुमची सोसायटी पाडायला काढली, गाडी उभी करायला जागा उरली नाही, आणि भंगारात देण्यापेक्षा शीलाला दिलेली बरी असं तुला वाटलं, याबद्दल मी आभारी आहे. त्याला गाडी चालवायला मीच शिकवलं होतं, उपवनच्या रस्त्यावर. पुढे त्याने हे लाल, बुटकं, दोन माणसांचं जपानी प्रकरण घेतलं तेव्हा तोच म्हणाला होता, ‘मावशी, मी नसेन तेव्हा तू चालवत जा.’ पुण्याला नोकरी बघत होता म्हणून म्हणाला होता. बाकी काही त्याच्या मनात नव्हतं.

पण बाई गं, ही गाडी आहे की उखळ? रस्त्यावर पडलेल्या शेंगदाण्यावरून गेले तरी कळतं. आमच्या गेटपाशी जो गतिरोधक आहे त्याने माझी कवळी हलली. वॉचमन म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही कोपऱ्यावर वळलात की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो.’ स्पोर्ट्स कार कडक असते हे मला कळतं. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं जीपमधून हिंडलेली बाई आहे, मला पालखी नको होती. पण हे कडकपण नव्हे, हा सूड आहे.

आता तुझी अट. किल्ली हातात देताना तू म्हणालीस, ‘चाकांना हात लावायचा नाही, वचन दे.’ तू रडत होतीस म्हणून मी दिलं. पण ज्या गॅरेजात जावं तिथे पहिलं वाक्य ‘हवा चेक करू’ असतं आणि मला ‘नको’ म्हणावं लागतं. लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघतात ती मला या वयात सोसवत नाही. अट का, ते कळव.

आणखी एक. डावीकडच्या सीटवर कोणी नसताना पट्टा न लावल्याचा लाल दिवा लागतो. वायरिंग जुनं झालं असेल. तुमच्याकडे असतानाही लागत होता का?

तुझी,
शीला

•

डोंबिवली (पूर्व),
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय शीला,

पत्र मिळालं. भाड्याच्या घरात सामान लावणं चालू आहे. स्वयंपाकघर पूर्वेला नाही, पण चालतंय.

गाडी कधीच अशी नव्हती गं. प्रणित मला टिटवाळ्याला गणपतीला न्यायचा तेव्हा मी कल्याण यायच्या आत झोपलेली असायचे. तो म्हणायचा, ‘आई, एवढी महागडी गाडी घेतली आणि तू घोरतेस.’ मग आता का हादरते? गॅरेजवाल्यांनी काही काढलं-घातलं नाही ना?

चाकांना कोणी हात लावला नाही ना? ते आधी लिही. हवा कमी वाटली तर तू भरू नकोस, पेट्रोल पंपावर तर मुळीच नको. मला कळव, मी पायाचा पंप घेऊन येईन. प्राप्ती सोडेल मला ठाण्याला.

दिव्याचं मला माहीत नाही. तो गेल्यावर मी गाडी कधी चालू केलीच नाही.

हेमा

•

ठाणे,
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय हेमा,

तू पायाचा पंप घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला येणार, या गुडघ्यांनी, आणि मी उभी राहून बघणार! माझ्यावर विश्वास नाही असं सरळ म्हण. मी कुठल्याशा टपरीवर तुझ्या लाडक्या चाकांची वाट लावीन अशी भीती वाटत असेल तर गाडी दिलीस कशाला? शाळेत तुझा भूगोलाचा नकाशा मी हरवला होता, तो तू अजून विसरली नाहीस वाटतं.

चाकांना कोणीही हात लावलेला नाही. लिहिलं. झालं समाधान?

बाकी सगळ्याला मात्र लावला. वागळे इस्टेटमध्ये यज्ञेश म्हणून एक मुलगा आहे. मुलगा कसला, चाळिशीचा आहे, पण केसांना जेल लावतो. पाटीवर ‘सस्पेन्शन स्पेशालिस्ट’ लिहिलंय. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, ‘मॅडम, शॉकअप गेलेत. शंभर टक्के.’ शॉकअप बदलले. गाडी तशीच. म्हणाला, ‘मग बुश असणार. रबर मरतं.’ सगळे बुश बदलले. गाडी तशीच. ‘मग वरचं माउंटिंग.’ तेही झालं. मी म्हटलं, ‘तू डॉक्टर असतास तर एव्हाना पेशंटची दोन्ही मूत्रपिंडं काढून झाली असती.’ तर म्हणतो, ‘मॅडम, तुम्ही पेशंटच्या तोंडात थर्मामीटर घालू देत नाही, मग मी काय हवेतून निदान करू? एकदा हवेचा गेज लावू द्या.’ मी म्हटलं, वचन आहे. तो म्हणाला, ‘गाडीला दिलंय का वचन?’ उद्धट आहे, पण हात स्वच्छ ठेवतो.

आता जे लिहिते ते वाचून हसू नकोस. डावीकडची सीट गरम असते. मी एकटीच जाते, एकटीच येते, आणि उतरताना पर्स घ्यायला हात घातला की सीट ऊबदार लागते, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. यज्ञेश म्हणतो खालून सायलेन्सरचा पाइप जातो. असेल. मग माझी सीट गार का?

आणि गाडी गुणगुणते. नेहमी नाही. घोडबंदर रोडला, रस्ता मोकळा असला की. पहिल्यांदा मला रेडिओ वाटला. रेडिओ बंद होता.

मी भित्री नाही हे तुला माहीत आहे. मी फक्त तक्रार नोंदवते आहे.

शीला

•

डोंबिवली (पूर्व),
५ डिसेंबर २०२४

शीला,

कसं गुणगुणते? सूर कसा आहे? नक्की कुठे? जाताना की येताना? काचा वर होत्या की खाली?

सगळं लिही. लगेच लिही.

अमावस्या होऊन गेली. हवा बघितलीस का? नुसतं डोळ्यांनी बघ, हात नको.

हेमा

•

ठाणे,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय हेमा,

मी चार पानं लिहावीत आणि तू चार ओळींत प्रश्नपत्रिका पाठवावीस, हा आपला व्यवहार शाळेपासून असाच आहे. अमावस्येचा आणि हवेचा काय संबंध हे विचारायचा मला कंटाळा आला आहे.

ऐक. माजिवड्याचा पूल उतरून पुढे गेलं की मध्ये एक काँक्रीटचा लांब पट्टा लागतो. तिथे, काचा वर असताना, जाताना. आधी पायांखाली थरथर होते, मग ती सीटमधून पाठीत चढते आणि मग आवाज येतो. नाकातला. दोन सूर, एक वर एक खाली, दोन्ही जरा बेसूर. काँक्रीटच्या जोडावर तुटतो आणि पुन्हा तिथूनच सुरू होतो, श्वास घ्यायला थांबल्यासारखा.

आता पुढचं. तू विचारलं नाहीस तरी तुला तेच विचारायचं होतं हे मला कळतं. प्रणित गाडी चालवताना नाकात गुणगुणायचा. उपवनला शिकत होता तेव्हाही. घाबरला की जास्त. मी ओरडायचे, ‘गाणं बंद कर आणि क्लच सोड.’ हेमा, परवा त्या पट्ट्यावर मी मोठ्याने म्हणाले, ‘नीट तरी गा.’ रिकाम्या सीटला. आणि गतिरोधक यायच्या आधी माझा पाय आपोआप उचलला गेला. पुढे उतारावर खरंच गतिरोधक होता, रात्रीत घातलेला, पांढरे पट्टे न मारलेला. मला तो दिसलेला नव्हता.

मी घरी येऊन दिवा लावला. मी, जी देवासमोर फक्त दिवाळीत उभी राहते.

दुसऱ्या दिवशी यज्ञेशला शेजारी बसवून नेलं. मुद्दाम. त्या पट्ट्यावर त्याला विचारलं, ‘ऐकू येतंय?’ तो म्हणाला, ‘येतंय ना, टायर बोंबलतायत.’ गाडी बाजूला घ्यायला लावून खाली वाकला आणि हात न लावता, टॉर्च मारून, टायरच्या कडेवरचा आकडा वाचला. चौदा सालचे आहेत ते टायर. म्हणाला, ‘मॅडम, हे रबर नाही राहिलं, दगड झालाय. आणि आत हवा किती ठासलीय बघा, मधला भागच फक्त रस्त्याला टेकतोय. शॉकअपचा काय दोष? तुम्ही चार नारळांवर बसून हिंडताय. हायवेला फुटला तर गाडी सरळ डिव्हायडरवर.’

म्हणजे निदान झालं. महिनाभर मी या गाडीची हाडं बदलत बसले आणि रोग तुझ्या वचनात होता. आता उलटटपाली कारण लिही. नाही लिहिलंस तर नाताळनंतर मी चारही टायर बदलणार, वचन गेलं खड्ड्यात.

शीला

•

डोंबिवली (पूर्व),
२१ डिसेंबर २०२४

प्रिय शीला,

बदलू नकोस. सांगते. प्राप्तीलाही हे माहीत नाही.

तो रविवार होता. सकाळी प्रणित खाली गेला, गाडी धुतली आणि पंपाने चारही चाकांत हवा भरली. त्याला पेट्रोल पंपावरची हवा आवडायची नाही, ते लोक अंदाजे भरतात म्हणायचा. मी गॅलरीतून बघत होते. घामाने बनियन चिकटलं होतं. वर बघून म्हणाला, ‘आई, आज टिटवाळ्याला जाऊ, बटाटेवडे कर.’ वर आला आणि म्हणाला, ‘अंग कसंतरीच होतंय.’ मी म्हटलं उन्हात पंप मारलास, दुसरं काय होणार. वडे तळले. त्याने एकही खाल्ला नाही. संध्याकाळी ताप चढला. डेंग्यू म्हणाले. गुरुवारी तो नव्हता. तुला माहीतच आहे, तू आली होतीस.

तेरावं झाल्यावर खाली गेले तर गाडीच्या मागच्या चाकातली हवा थोडी बसलेली दिसली. मला एकदम कळलं की ही त्याने भरलेली आहे आणि ही चालली आहे. कपडे प्राप्तीने वाटून टाकले होते. चादर धुतली गेली होती. त्याच्या हातचं, त्याच्या अंगातल्या जोराचं, एवढंच राहिलं होतं आणि तेही जात होतं. मी वर जाऊन पंप आणला.

मी त्याची हवा काढली नाही. वरून भरली फक्त. ती आत राहावी, दाबून राहावी म्हणून. मग दर अमावस्येला भरायला लागले. लोक त्या दिवशी गाडीला लिंबू-मिरची बांधतात, मला तेवढा एक दिवस लक्षात राहायचा. भिंतीला धरून पंपावर उभी राहायचे. शेवटी शेवटी पंप खालीच जाईना, तरी उभी राहायचे.

गेज लावला की फिस्स करून थोडी जाते. मी पाहिलंय. तेवढीही नको जायला.

आता तू म्हणशील हेमाला वेड लागलं. म्हण.

तू लिहिलेला तो सूर मी वाचला आणि रात्रभर बसून होते. मला आता आवाज ऐकू येत नाहीत गं शीला. प्रेशर कुकरची शिटीसुद्धा प्राप्ती हाताने खूण करून सांगते. आणि तो तुला ऐकू येतो.

हेमा

•

ठाणे,
२ जानेवारी २०२५

प्रिय हेमा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसले आणि दोन वेळा फाडलं. मला फाडायची सवय नाही. मी जे लिहिते ते पाठवते, आणि लोक माझ्याशी बोलायचं बंद करतात.

फिजिक्स मी तुला सांगणार नाही. आपण एकाच बाकावर बसून ते शिकलो आहोत.

पण चिडले आहे, ते सांगते. इतकी वर्षं तू त्या पार्किंगमध्ये भिंतीला धरून पंपावर उभी होतीस आणि मी दर महिन्याला तुझ्याकडे येऊन पोहे खात होते. एकदा तोंड उघडलं असतंस तर मी खाली आले असते. हसले असते का? आधी हसले असते. मग पंप माझ्याकडे दे म्हटलं असतं, माझे गुडघे तुझ्यापेक्षा बरे आहेत. तू मला फक्त हसण्याच्या लायकीची समजलीस याचा मला राग आहे, आणि तो राहणार आहे.

आता व्यवहाराचं. त्या टायरवर मी गाडी चालवू शकत नाही. फुटला तर मी जाईन, आणि मला जायचं नाही, माझ्या आधार कार्डावर अजून ‘पुरुष’ छापलेलं आहे आणि ते दुरुस्त झाल्याशिवाय मी मरणार नाही. शिवाय मी एकटी जाणार नाही. समोरून कोणीतरी स्कूटरवर पोराला शाळेत सोडायला जात असेल.

हवा मात्र सोडायची नाही. यज्ञेशला मी सांगितलं की चाकं रिमसकट काढायची, गेज लावायचा नाही, झडपेवरचं टोपणसुद्धा उघडायचं नाही. दुसऱ्या रिम जुन्या बाजारात मिळतात, त्यांवर नवे टायर चढतील. ही चार चाकं जशी आहेत तशी तुझ्याकडे येतील. तो म्हणाला, ‘मॅडम, आत काय आहे? सोनं?’ मी म्हटलं, ‘तू तुझं काम कर.’ गाडी तोवर उभी ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात काम करून घेते.

त्या पट्ट्यावरून मी परवा पुन्हा गेले नाही. जावंसं वाटलं होतं.

शीला

•

डोंबिवली (पूर्व),
८ जानेवारी २०२५

प्रिय शीला,

चाकं काढायच्या आधी मला एकदा ने.

ऐकू येणार नाही, माहीत आहे. पण तू लिहिलंस आधी पायांखाली थरथर होते, मग पाठीत. तेवढं मला पुरेल. ज्या धक्क्यांनी तू वैतागलीस ते मला हवे आहेत. चांगल्या गाडीत मला काय कळणार?

रविवारी प्राप्ती मला सकाळी तुझ्याकडे सोडेल. तिला मी देवीच्या देवळात जायचं आहे असं सांगितलंय.

नाही म्हणू नकोस.

हेमा

•

ठाणे,
२६ जानेवारी २०२५

प्रिय हेमा,

मी नाही म्हणायला हवं होतं. तू आल्यावर दारातच म्हणायला हवं होतं. तुला पाहिलं, केसांत अबोली माळलेली, आणि माझं तोंड बंद झालं. माझ्या आयुष्यात हे फारसं झालेलं नाही.

प्राप्तीचा फोन आला होता. तू घरी गेल्यापासून काही बोलत नाहीस, काय झालं म्हणून विचारते. तिला मी सांगितलं देवळात गर्दी होती. पण तुला तरी आठवतंय का काय झालं ते? मला शंका आहे, म्हणून लिहिते.

माजिवड्यापर्यंत तू अबोली सावरत होतीस. पूल उतरल्यावर चपला काढल्यास. तळवे खाली टेकवलेस, दोन्ही हात पुढच्या डॅशबोर्डवर ठेवलेस, आजाऱ्याचं अंग बघावं तसे. आपण पट्ट्यावर आलो. थरथर सुरू झाली. मला आवाज आला, मी तुला खूण करणार इतक्यात तूच म्हणालीस, ‘हां. हां. हा आला.’ बरोबर त्याच क्षणी, हेमा. आणि तू गुणगुणायला लागलीस. तुला तुझा आवाज ऐकू येत नव्हता. दोन सूर. बेसूर. जिथे तो तुटत होता तिथे तू श्वास घेत होतीस.

मी पाहिलं तेव्हा लाल दिवा लागलेला नव्हता. तू सीटचा पट्टा लावला होतास. साधी गोष्ट आहे. पण मला वाटलं, आज त्याची जागा तू घेतलीस, मग तो कुठे बसला आहे? मी आरशात पाहिलं. त्या गाडीला मागची सीट नाही. तरी पाहिलं.

तू म्हणालीस, ‘थांबू नकोस, जोरात.’ मी जोरात गेले. माझ्यासारख्या बाईने, जिने उभं आयुष्य दुसऱ्यांना हळू चालवा म्हणून सांगितलं, तिने गायमुखपर्यंत पाय उचलला नाही. तिथे वळणावर तू माझ्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालीस, ‘बास. तो दमला.’

परत आल्यावर यज्ञेशला बोलावलं. पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. तो माझ्यावर असा ओरडला की सिस्टर अगाथा आठवली. ‘आज्जी, अजून पाच मिनिटं गेला असता तर तुम्हाला चमच्याने गोळा करायला लागलं असतं!’ पहिल्यांदाच मला आज्जी म्हणाला. मी ऐकून घेतलं.

चाकं निघाली. त्याच्या टेम्पोतून उद्या तुझ्याकडे येतील, गाद्यांत बांधून, टोपणं बंद. फुगा आलेलं चाक वेगळं ठेव. त्याच्याजवळ झोपू नकोस. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. ते उभ्या उभ्याही फुटू शकतं.

नव्या टायरांवर गाडी लोण्यासारखी चालते. कवळी जागची हलत नाही. यज्ञेश सगळ्यांना सांगत सुटलाय की त्याने निदान केलं. डावी सीट अजून गरम होते, म्हणजे ते सायलेन्सरचंच होतं. दिवा लागत नाही. पट्ट्यावरून चार वेळा जाऊन आले. काचा वर करून, खाली करून, हळू, जोरात.

काही नाही, हेमा. नुसता रस्ता.

मला असली मुलायम गाडी नको होती.

शीला

•

डोंबिवली (पूर्व),
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शीला,

चाकं आली. तीन मी माझ्या खोलीत भिंतीशी ठेवली, फुग्याचं गॅलरीत. प्राप्ती म्हणाली, ‘आई, हे काय दुकान मांडलंयस?’ मी म्हटलं, शीलाने ठेवायला दिलीत. तुझ्या नावावर सगळं खपतं.

पण गॅलरीतलं चाक मला झोपू देईना. फुगा मोठा होत होता. मी दुपारी जाऊन हात लावायचे, ऊन खाऊन तापलेला असायचा, माणसाच्या कपाळासारखा. तू लिहिलंस ते फुटेल म्हणून. मला फुटायची भीती नव्हती. मी आंघोळीला गेलेली असेन, किंवा दळण आणायला, आणि ते एकदम जाईल, रस्त्यावर, कोणाच्याही अंगावर, आणि मला आवाजसुद्धा येणार नाही, याची भीती होती. प्रणितच्या वेळीही असंच झालं. मी हॉस्पिटलच्या खालून थर्मासमध्ये चहा आणायला गेले होते.

म्हणून काल दुपारी प्राप्ती बँकेत गेल्यावर ते चाक लोळवत आत आणलं. दार लावलं, कडी घातली. खिडक्या लावल्या, फटींत जुने टॉवेल कोंबले. पंखा बंद केला. खाली बसले, टोपण काढलं आणि केसांतला आकडा झडपेत घातला.

ती फार जोरात आली. गार होती गं. मला वाटलं होतं ऊबदार असेल. गालावर लागली, डोळ्यांवर लागली, केस उडाले. वास रबराचा होता, दुसरा कसलाच नाही, मी खूप शोधला. मग मी तोंड उघडलं आणि आत घेतली. जेवढी घेता येईल तेवढी. सोडायची नाही असं ठरवलं होतं, पण सोडावी लागतेच. पुन्हा घ्यायची. असं करत करत चाक मऊ झालं.

मग बाकीची तिन्हीही तशीच सोडली. एकच ठेवून काय करणार होते? पाठ भरून आली, चक्कर आली, पण केलं.

आता बरं वाटतंय. खोटं लिहीत नाही. पुष्कळ दिवसांनी मी तासभर दुपारी झोपले, त्याच खोलीत, आणि टिटवाळ्याच्या रस्त्याला झोपायचे तशी झोप लागली. उठले तेव्हा घोरत होते बहुतेक, घसा कोरडा होता.

प्राप्ती दार वाजवून वाजवून दमली म्हणे. म्हणते खोली कोंदट झालीय, खिडक्या उघड. मी उघडत नाही. तिला आत घेत नाही. जेवण बाहेर करते आणि पटकन आत येते.

तू ये. तुझी आठवण येते आहे, आणि तुला ऐकू येतं. येशील तेव्हा बेल वाजवू नकोस, मला कळत नाही. दार ढकल, आत ये, आणि आत आलीस की मागे वळून लगेच लावून घे.

हेमा